स्मारकासाठी सक्तीचं भूसंपादन: एका सरकारी सेवेचं परीक्षण

सेवा: थोर व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मारकासाठी खासगी घर, वाडा किंवा जमीन सरकारने कायद्याने घेणं. देणारे: जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, नगररचना, भूमी अभिलेख आणि अधूनमधून सार्वजनिक बांधकाम खातं. मागणी नोंदवावी लागत नाही आणि नाकारण्याची सोय जवळजवळ नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर मोबदल्याच्या सूत्राला चार, नोटिशीच्या पद्धतीला दोन, वेळेला एक. भाडेकरूंच्या वाट्याला जे येतं त्याला अर्धा गुणही जड जातो.

नोटीस हातात पडली की पहिली नजर कलमाकडे जायला हवी. महाराष्ट्रात स्मारकाची जागा दोन वाटांनी जाते. एक वाट 2013 च्या भूसंपादन कायद्याची. दुसरी शहरातली, 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची, म्हणजे विकास आराखड्यात 'स्मारक' किंवा 'सांस्कृतिक केंद्र' असं आरक्षण टाकून कलम 126 खाली घ्यायची. या दुसऱ्या वाटेत लोक फसतात. इथे हरकतीची खरी संधी आराखडा प्रसिद्ध झाल्यावर मिळते, तीही 30 दिवस. ती गेली की पुढे थेट 2013 च्या कायद्यातल्या कलम 19 सारखी, जागा घ्यायचं ठरल्याची घोषणा येते आणि मालक 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणत बसतो. विचारलेलं असतं, वर्तमानपत्रातल्या बारीक टायपात. या वाटेची एक बाजू मात्र मालकाच्या उपयोगाची आहे. आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रं जोडलेली नसतील तर ती नोटीसच नाही, असं उत्तर येतं. तेव्हा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि खरेदीखत पहिल्याच वेळी जोडून, आवक शिक्का घेऊन ठेवावं.

2013 च्या कायद्याची वाट लांब आहे, पण तिच्यात थांबे जास्त आहेत. आधी सामाजिक परिणाम निर्धारण, मग तज्ज्ञ गटाची छाननी, मग कलम 11 ची प्रारंभिक अधिसूचना, 60 दिवस हरकती, कलम 19 ची घोषणा, कलम 21 ची नोटीस आणि शेवटी कलम 23 चा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. अधिसूचनेपासून घोषणेला 12 महिने, घोषणेपासून निवाड्याला 12 महिने. मुदत टळली आणि वाढवून घेतली नाही तर प्रकरण गळतं. कोर्टाच्या स्थगितीचा काळ कलम 19 च्या मुदतीतून वजा होतो, त्यामुळे तारखा मोजताना घाई करू नये. कलम 11 ची अधिसूचना आली की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जागा विकता किंवा गहाण टाकता येत नाही. घरावर कर्ज काढायचं मनात असेल त्यांनी हे आधीच ओळखावं.

तातडीचं कलम म्हणजे 40. ते संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेने मान्य केलेली आणीबाणीची स्थिती एवढ्यापुरतंच आहे. जयंती जवळ आली म्हणून ते लावता येत नाही. तसा प्रयत्न दिसला तर हरकतीत तो मुद्दा सर्वांत वर घ्यावा.

स्मारकाच्या प्रकरणात खरी लढाई 'सार्वजनिक प्रयोजन' या दोन शब्दांवर होते. कायद्याच्या कलम 2 मध्ये जी यादी आहे तिच्यात स्मारक हा शब्द नाही. शाळा आहे, क्रीडा आहे, आरोग्य आहे, पर्यटन आहे. म्हणून प्रस्तावात स्मारकाबरोबर संग्रहालय, अभ्यासिका, पर्यटन केंद्र असे शब्द पेरलेले दिसतात. ते पेरलेले आहेत की खरोखर आराखड्यात आहेत, हे तपासायला प्रकल्प अहवालाची प्रत मागावी. अभ्यासिकेला किती चौरस मीटर, संग्रहालयात कोणत्या वस्तू, त्या आज कुणाकडे आहेत, देखभालीचा वार्षिक खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर स्मारक म्हणजे कोनशिला आणि कुलूप.

याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण चेन्नईचं आहे. जयललितांचं पोएस गार्डनमधलं 'वेद निलयम' हे घर स्मारक करायचं तामिळनाडू सरकारने 2017 मध्ये जाहीर केलं. 2020 च्या मेमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने भावाची मुलगी आणि मुलगा यांना वारस ठरवलं, आणि जुलैमध्ये निवाडा होऊन सुमारे 67 कोटी 90 लाख रुपये दिवाणी न्यायालयात जमा झाले. त्यातला मोठा हिस्सा आयकराच्या थकबाकीचा. सामानाची यादी झाली, तीत 4 किलोहून जास्त सोनं, 600 किलोहून जास्त चांदी आणि 8,376 पुस्तकं निघाली. 2021 च्या जानेवारीत उद्घाटनही झालं. आणि 24 नोव्हेंबर 2021 ला उच्च न्यायालयाने अख्खं संपादन रद्द केलं. मरीना किनाऱ्यावर सरकारी खर्चाने जयललितांचं भव्य स्मारक उभं असताना आणखी एका स्मारकात जनतेचं कोणतं प्रयोजन साधतं, हा प्रश्न निर्णायक ठरला. डिसेंबरमध्ये घराच्या किल्ल्या वारसांच्या हाती आल्या.

यातून मालकाने घ्यायचं ते एवढं: त्याच व्यक्तीचं दुसरं सरकारी स्मारक आधीच असेल तर त्याचं अंतर, क्षेत्रफळ, खर्च आणि उद्घाटनाची तारीख हरकतीत आकड्यांनिशी द्यावी. सामाजिक परिणाम निर्धारणात पर्यायी जागेचा विचार झाला का आणि मागितलेलं क्षेत्र कमीत कमी आहे का, हे तपासणं कायद्यानेच बंधनकारक आहे. इथे दोन तऱ्हेची स्मारकं वेगळी धरावी लागतात. जिथे घटना घडली ती जागा, म्हणजे जन्मघर, शाळा, सत्याग्रहाचं ठिकाण, याला पर्याय नसतो. तिथे 'दुसरीकडे करा' हा युक्तिवाद टिकत नाही, आणि टिकूही नये. पण पुतळा, उद्यान आणि सभागृह यांच्यासाठी रस्त्याकाठचा मोक्याचा भूखंड हवा असेल, तर पर्याय भरपूर असतात, अनेकदा सरकारच्या स्वतःच्या पडीक जागा. अशा गट नंबरांची यादी तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, उताऱ्यांसह जोडली तर हरकतीला वजन येतं. नुसता 'अन्याय झाला' असा अर्ज सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतो.

आता पैसा. सूत्र खरोखर चांगलं आहे. बाजारभाव काढताना रेडीरेकनरचा दर, आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्यांची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम असेल तर ती, यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. शहरात गुणक 1. ग्रामीण भागात 1 ते 2, नेमका किती ते राज्य ठरवतं. त्यात घर, विहीर, झाडं यांची किंमत मिळवायची आणि जी बेरीज येईल तेवढीच पुन्हा दिलासा रक्कम म्हणून द्यायची. कार्यालयात तिला सगळे सोलेशियमच म्हणतात. शिवाय बाजारभावावर सालाना 12 टक्के, सामाजिक परिणाम निर्धारणाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांत जे आधी होईल तोपर्यंत. शहरातल्या एका मिळकतीची जमीन 80 लाखांची आणि बांधकाम 20 लाखांचं धरलं, तर 1 कोटी, दिलासा 1 कोटी आणि 18 महिन्यांचे 12 टक्क्यांनी 14 लाख 40 हजार. एकूण 2 कोटी 14 लाख 40 हजार. 12 टक्के दिलासा रकमेवरही चढतात, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. निवाड्याच्या रकमेवर कलम 96 मुळे आयकर नाही, म्हणून टीडीएस कापलेला दिसला तर लगेच लेखी हरकत घ्यावी. उशिराबद्दल मिळणाऱ्या व्याजाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी सनदी लेखापाल गाठावा.

सूत्र चांगलं, पण त्यात घालायचे आकडे संयुक्त मोजणीच्या दिवशी ठरतात, आणि तिथेच पाणी मुरतं. भूमापक, संपादन करणाऱ्या संस्थेचा माणूस आणि नगररचनेचा किंवा बांधकाम खात्याचा अभियंता असे तिघेचौघे येतात, दोन-तीन तासांत उरकून जातात. मोजणी पत्रकात 'जुने दगडी-विटांचे बांधकाम, दुमजली' एवढी एक ओळ लिहिली की पुढचं सगळं त्या ओळीवर. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, घडीव दगडाचं जोतं, आड, चौकातली फरसबंदी, माळा, स्वतंत्र जिना, नळजोडणी, वीजमीटर, बोअर, प्रत्येक झाड नावासकट, हे सगळं नोंदवून घ्यावं लागतं. खांबाचा घेर आणि उंची मोजून लिहून घ्यावी, कारण जुन्या सागाचा भाव घनफुटावर असतो. पत्रकावर सही करण्याआधी प्रत्येक पान वाचावं आणि राहिलेलं सहीजवळ हाताने लिहावं. 'नंतर पुरवणी देऊ' हे वाक्य ऐकलं की सही न केलेली बरी.

वाड्याच्या बाबतीत एक विचित्र प्रकार होतो. इमारत जुनी आहे म्हणून सरकारला ती हवी असते, आणि इमारत जुनी आहे म्हणूनच मूल्यांकनात घसारा लावून तिची किंमत खाली आणली जाते. दीडशे वर्षांच्या वाड्याचं बांधकाम कागदावर जवळजवळ मोडीच्या भावात येतं. इतिहासासाठी वेगळा रकाना नाही. यावर उपाय दोनच. कलम 29 खाली जिल्हाधिकारी तज्ज्ञ अभियंत्याची मदत घेऊ शकतात, ती जुन्या इमारतींच्या जतनाचं काम केलेल्या अभियंत्याची घ्यावी अशी लेखी मागणी करायची. आणि कलम 28 मधलं शेवटचं, न्याय आणि समानतेच्या आधाराचं कारण पुढे करून तशाच लाकूड-दगडाच्या पुनर्बांधणीचा खर्च मागायचा. हमखास मिळेल असं नाही. पण मागणी नोंदलेली असली की पुढे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणात तिच्यावर बोलता येतं.

घटनेमुळे आलेली किंमत मालकाला मिळत नाही, हे तत्त्व आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 ला अपहरण झालेलं युनायटेड एअरलाइन्सचं 93 क्रमांकाचं विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळ जुन्या कोळसा खाणीच्या जमिनीवर कोसळलं. तिथल्या राष्ट्रीय स्मारकासाठी सरकारने स्वोनावेक कंपनीची सुमारे 275 एकर जमीन 2009 मध्ये सक्तीने घेतली. सरकारचा अंदाज 6 लाख 11 हजार डॉलरचा. कंपनीची मागणी 2 कोटी 33 लाखांची, कारण लाखो लोक बघायला येणार ही त्या जागेची खरी किंमत, असं तिचं म्हणणं. 2013 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने 15 लाख 35 हजार डॉलर ठरवले. सरकारी आकड्याच्या अडीचपट आणि मागणीच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. तिथे आपल्यासारखी 100 टक्के दिलासा रक्कम नाही, मालकी मात्र रक्कम जमा करताक्षणी सरकारकडे जाते आणि भावाचं भांडण मागाहून चालतं. सूत्राच्या तुलनेत आपला कायदा मालकाला जास्त झुकतं माप देतो, हे कबूल करायला हवं. भावनेच्या भरात अवाच्या सवा आकडा टाकणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. शेजारच्या पाच खरेदीखतांच्या सूची-दोनच्या (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या उताऱ्याच्या) प्रती कोर्टात जे करतात ते कोटींची मागणी करत नाही.

भाडेकरूंचं काय होतं ते पुण्यात बघायचं. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावं ही मागणी जुनी, महापालिकेचा निर्णयही जुना, आणि खाली दुकानं. वर्षानुवर्षं दावे चालले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिन्याभरात जागा सोडायला सांगितलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलीस बंदोबस्तात रातोरात वाडा पाडला गेला. प्रयोजनाबद्दल इथे शंका घ्यायला जागा नाही, ही तीच जागा आहे. पण इतकी वर्षं भांडण चालू असताना इमारत ढासळत राहिली आणि शेवटी जतन करायला उरला तो भूखंड. सेवेचा वेळ या रकान्यात एक गुण दिला आहे तो यासाठी. तो एक गुणही निकालानंतरच्या वेगाबद्दल आहे.

भाडेकरू कायद्याने 'हितसंबंधित' आहे, आणि संपादनाआधी तीन वर्षं त्या जागेवर पोट भरत असेल तर 'बाधित कुटुंब' या व्याख्येतही बसतो. पण ते सिद्ध करायला भाडेपावत्या, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, वीजबिल आणि जीएसटीची विवरणपत्रं एकाच पत्त्याची लागतात. पेठांमध्ये नेमकी इथेच गोची होते: पावती आजोबांच्या नावे, परवाना काकांच्या, धंदा नातवाचा. आधी नावं सरळ करून घ्यावीत. एवढं करून मिळतं काय? दुसऱ्या अनुसूचीत छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान 25,000 रुपये, वाहतुकीला 50,000, पुनर्वसाहतीला 50,000, वर्षभर महिना 3,000. आकडे 2013 चे. मंडईजवळच्या दुकानाच्या पागडीसमोर हे पैसे कुणाला दाखवायचीही लाज वाटावी. म्हणून दुकानदाराने रकमेवर वेळ घालवण्यापेक्षा पर्यायी गाळा किती चौरस फुटांचा, कोणत्या पेठेत आणि ताब्याआधी की नंतर, हे लेखी ठरवून घेण्यावर जोर द्यावा. मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटणीचा वाद असला तर रक्कम प्राधिकरणात जमा होते आणि तिथेच अडकून पडते. दोघांनी आधी आपसांत टक्केवारी ठरवून संमतीपत्र दिलं तर दोघांचंही भलं, पण हे ऐकतो कोण.

गंज पेठेत फुले वाडा आणि सावित्रीबाईंचं स्मारक यांच्या विस्तारासाठी आजूबाजूची घरं घ्यायचा विषय आहे. अशा दाट वस्तीत कलम 94 फार कामाचं. घराचा काही भागच मागितला असेल तर मालक 'घ्यायचं तर अख्खं घर घ्या' असं म्हणू शकतो. मागची मोरी आणि जिना देऊन समोरची खोली घेऊन बसण्याची सक्ती नाही. मात्र हे निवाडा होण्याआधी सांगावं लागतं.

निवाडा झाला की रक्कम घ्यावी, पण पावतीवर 'निषेध नोंदवून स्वीकारली' असं लिहून. हे तीन शब्द राहिले तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही, आणि कारकून ते लिहायची आठवण करून देणार नाही. कलम 64 चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यायचा. निवाड्याच्या वेळी हजर होतात तर निवाड्यापासून 6 आठवडे. गैरहजर असाल तर कलम 21 ची नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यांतलं आधी संपेल ते. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी वर्षभरात अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नये. शेजाऱ्याला प्राधिकरणात वाढ मिळाली आणि तुम्ही गेलाच नव्हता, तर कलम 73 खाली 3 महिन्यांच्या आत त्याच्या निकालावरून मागणी करता येते. पैसे देण्याआधी ताबा घेतला असेल तर पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के व्याज, कलम 80.

सक्ती टाळायची असेल तर थेट खरेदीचा मार्ग आहे. 12 मे 2015 च्या शासन निर्णयानुसार खासगी वाटाघाटीने दिल्यास कायद्याने येणाऱ्या मोबदल्यावर 25 टक्के जादा मिळतात, आणि काम पुष्कळ लवकर होतं. बदल्यात वाढीव मोबदल्याचा दावा सोडावा लागतो. मालकी एकाकडे, हद्द स्पष्ट आणि वारसांत वाद नाही अशा मिळकतीला हा मार्ग निःसंशय चांगला. करसवलत या खरेदीला लागू होते का, हे खरेदीखत होण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

राजीखुशीने विकत घेतलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही. लंडनमधलं 10 किंग हेन्रीज रोड हे डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिलेलं घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतलं. पुढे तिथल्या कॅम्डन कौन्सिलने राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. मंजुरी यायला 2020 चा मार्च उजाडला. वापरबदलाची परवानगी आधी, मग खरेदी, हा क्रम आपल्याकडच्या संस्थाही चुकवतात.

ताबा गेल्यावरही फाईल बंद करू नये. ताबा पावतीची तारीख जपून ठेवावी. ताब्यापासून 5 वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर कलम 101 नुसार ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत करावी लागते, किंवा सरकारच्या भूमी बँकेत जाते. हा 'किंवा' सरकारच्या सोयीचा आहे. त्यामुळे पाचवं वर्ष संपण्याआधीच जागेचे तारीखवार फोटो आणि माहितीच्या अधिकारात मिळालेला खर्चाचा तपशील घेऊन परत देण्याचा अर्ज टाकून ठेवावा. नुसती कोनशिला बसवली किंवा कुंपण घातलं म्हणजे वापर झाला असं उत्तर आलं, तर प्रकल्प अहवालातलं बांधकामाचं वेळापत्रक त्याच अर्जाला जोडावं.